बेचाळिसावा डबा

निमकरांच्या क्वार्टरच्या दारात शेवग्याचं झाड होतं. शेंगा अशा लागत की अर्धी कॉलनी आमटीसाठी तोडून न्यायची. ते झाड शरच्चंद्र निमकरांनी सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात बुंध्यापासून कापलं. का, तर म्हणे त्याच्यावर सुतारपक्षी येऊन बसतो आणि ठकठक करतो. त्यांच्या बायकोनं, अवंतीबाईंनी, कपाळाला हात लावला. "दिवसभर कारखान्यात घणांचा आवाज ऐकता तो चालतो, आणि एवढंसं पाखरू नाही चालत?" निमकरांनी करवत पुसून माळ्यावर ठेवली, हातपाय धुतले आणि जेवायला बसले.

तुम्ही म्हणाल, माणूस विक्षिप्त दिसतो. अजिबात नाही हो! देवासच्या अख्ख्या औद्योगिक वस्तीत याच्याइतका सरळ माणूस नव्हता. ऐंशी साली वाईहून नोकरीसाठी आला, गिअर बनवणाऱ्या कारखान्यात मोजमापाचा तपासनीस म्हणून चिकटला. केसाइतका फरक दिसला की माल बाजूला. वरचे साहेब ओरडोत, खालचे मजूर रडोत, निमकरांचा शिक्का पडला नाही की तो गिअर गेटच्या बाहेर जात नसे. माप तपासायच्या गेजवरून लोक त्यांना 'गेज निमकर' म्हणत. हिंदीभाषक मजूरसुद्धा आपसात म्हणायचे, "निमकर साब ने बोल दिया, तो बात खतम, भिया." हे वाक्य लक्षात ठेवा. सगळा घोळ त्यातूनच झाला.

या माणसाला नाद एकच, डोंगर चढायचा. आणि जोडीदारही एकच, धारचे उदाजीराव काटकर. काटकरांचं घराणं जुनं. आजोबा धार संस्थानात मोजणी खात्यात होते. त्यांचे नकाशे, पितळी होकायंत्र आणि नकाशा गुंडाळून ठेवायची लांब टिनाची नळी, हे सगळं नातवाकडे आलेलं. नातू शाळेत भूगोल शिकवायचा. गोरापान, भारी मिशा, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा पोरगाही झोपणार नाही. निमकरांना ते 'पंत' म्हणत, निमकर त्यांना 'राव'. दोघांत अहो-जाहो शेवटपर्यंत सुटलं नाही. एकमेकांची चेष्टासुद्धा अहो-जाहोतच चालायची.

या दोघांनी अठ्ठ्याऐंशी साली एक खेळ काढला. कुठं वाचला नव्हता, कुणी सांगितला नव्हता, आपला डोक्यातून काढला. एकानं रविवारी रानात जाऊन एक डबा लपवायचा. डब्यात एक वही आणि पेन्सिल. मग नकाशावर त्या जागेचे अक्षांश-रेखांश काढून दुसऱ्याला पोस्टकार्ड टाकायचं, सोबत एखादी खूण. पुढच्या सवडीच्या रविवारी दुसऱ्यानं एकट्यानं जायचं, नकाशा आणि होकायंत्र घेऊन डबा हुडकायचा, वहीत नाव, तारीख, वेळ लिहायची आणि डबा होता तिथंच ठेवून यायचं. नियम एकच पण कडक. वहीत सही नाही, म्हणजे माणूस आला नाही. कधी मांडूच्या खालच्या खोऱ्यात, कधी सरदारपूरच्या माळावर, कधी टोंकखुर्दच्या बाजूला, कधी उदयनगरच्या जंगलात. आठ वर्षांत एकेचाळीस डबे झाले. उदाजीराव मास्तर माणूस. आलेलं नि धाडलेलं प्रत्येक कार्ड एका नोंदवहीत उतरवून घेत आणि शेवटच्या रकान्यात 'सापडला' म्हणून बरोबरची खूण करत.

उदाजीरावांबरोबर एक स्टीलचा डबा कायम असे, कडी लावायचा. झाकणावर नाव घातलेलं, 'सौ. कल्पना उ. काटकर, धार'. कल्पनावहिनी त्यात थालीपीठं द्यायच्या, चार जास्तीची. "पंतांना द्या," म्हणायच्या, "देवासला त्यांना भाकरीचं पीठ चांगलं मिळत नाही." पंतांना उत्तम पीठ मिळत होतं. पण थालीपीठ कोण सोडतो!

आता बेचाळिसावा डबा. पाळी निमकरांची होती. डिसेंबर शहाण्णव, आठ तारखेचा रविवार. सकाळी थंडी मी म्हणत होती आणि टीव्हीवर क्रिकेटची मॅच होती. कॉलनीतली मंडळी जमली, पोहे झाले, चहा झाला, दुसऱ्यांदा चहा झाला. उदयनगरची बस केव्हाच निघून गेली. बरं, नाही जमलं तर नाही जमलं, तसं कळवावं! पण आठ वर्षांत पाळी चुकली नव्हती. तेव्हा या सरळ माणसानं संध्याकाळी नकाशा पसरला, उदयनगरच्या दक्षिणेला रानातली एक टेकडी बोटानं हेरली, मोजपट्टी लावून अक्षांश-रेखांश काढले आणि कार्डावर लिहून टाकले. 'खूण: तिहेरी खडक.' तसा खडक तिथं असेल याचा त्यांना काय पत्ता! डोंगर म्हटल्यावर खडक असायचाच. मनात म्हणाले, पुढच्या आठवड्यात गुपचूप जाऊन डबा ठेवून येऊ, रावांना एवढ्यात कुठली सवड मिळायला.

पण रावांना सवड मिळाली. कार्ड शुक्रवारी धारला पोचलं आणि रविवारी, पंधरा तारखेला, ते पहाटेच्या गाडीनं निघाले. सोमवारी शाळेत आले नाहीत. मंगळवारी दुपारी कल्पनावहिनींनी कारखान्यात फोन केला. "भावजी, हे तुमच्याकडे उतरलेत का?" निमकर नाही म्हणाले. मग वहिनींनी विचारलं, "पण डबा कुठं ठेवलाय ते तुम्हाला ठाऊक असेलच ना?" आणि निमकर म्हणाले, "हो तर. ठाऊक आहे."

बस, तिथंच खरं बोलून मोकळं व्हायला हवं होतं. 'वहिनी, मी गाढव आहे, मी डबा ठेवलाच नाही, रावांना मी रिकाम्या जागी पाठवलं.' एवढंच. लाज वाटली असती, चार शिव्या बसल्या असत्या. पण गेज निमकर! ज्याचा शब्द म्हणजे शिक्का, त्यानं असं कसं म्हणायचं? घरी येऊन त्यांनी दूध पावडरचा एक रिकामा डबा घेतला, त्यात कोरी वही आणि पेन्सिल टाकली आणि डबा पाठीच्या पिशवीत तळाशी कोंबला.

बुधवारी शोधायला माणसं निघाली. दोन शिपाई, एक वनरक्षक, काटकरांचे चुलतभाऊ भैयासाहेब आणि वाट दाखवायला निमकर. रानात शिरल्यावर निमकर ताडताड पुढं गेले. खऱ्या जागेपर्यंत ते पोचलेच नाहीत. ती त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. टेकडीवर चढता चढता एक सोयीचा धोंडा दिसला, त्याच्यामागं वाकले, पिशवीत हात घातला आणि उभे राहिले ते डबा हातात घेऊनच.

"हा बघा. जागेवर आहे," ते मोठ्यानं म्हणाले. झाकण काढून वही सगळ्यांना दाखवली. "सही नाही. राव इथं आलेच नाहीत."

झालं. आणखी पुरावा काय हवा? थोरला शिपाई म्हणाला, "मतलब इधर आए ही नहीं. बस अड्डे पे पूछताछ करते हैं." निघताना धाकट्या शिपायानं कान टवकारले. खालच्या दरीतून आवाज येत होता. ठक-ठक-ठक. थोडं थांबून पुन्हा, ठक-ठक-ठक. "ये काय का आवाज है, साब?" निमकरांना तिथून एकदाचं निघायचं होतं. आणखी थोडं थांबलं तर कुणीतरी विचारील, डब्याखालची माती ओली कशी नाही, डब्यावर धूळ का नाही. ते म्हणाले, "सुतारपक्षी आहे. कठफोड़वा." निमकर साहेबांनी सांगितलं, म्हणजे विषय संपला. माणसं मागं फिरली.

पुढं काय व्हायचं ते झालं. ओंकारेश्वरच्या घाटावर शोधलं, खंडव्याच्या स्टेशनावर शोधलं, पेपरात फोटो दिला. कुणी म्हणालं, साधूच्या वेशात दिसले. कुणी म्हणालं, गुजरातेत दुसरा संसार थाटलाय. धारच्या मराठी मंडळीत हळदीकुंकवाला कल्पनावहिनी गेल्या की बायका गप्प होत. कुंकू लावावं की नाही, हा त्यांचा प्रश्न. वहिनी स्वतःच कपाळ पुढं करत. "नवरा गेलाय म्हणतात, मेला असं कुणी म्हणत नाही ना? मग लावा." एकदा त्यांनी निमकरांना विचारलं, "भावजी, खरं सांगा. ते मला सोडून गेले असतील का हो?" "राव तसे नव्हते," एवढंच निमकर म्हणाले.

निमकरांनी डोंगर सोडला तो त्या दिवसापासून. बूट देऊन टाकले. मात्र धारला जाणं सोडलं नाही. वल्लरी, उदाजीरावांची मुलगी, तेव्हा आठ वर्षांची होती. तिच्या शाळेचे फॉर्म, दाखले, पुढं इंदूरच्या इंजिनियरिंग कॉलेजातली धावपळ, सगळं या काकानं केलं. दर भाऊबीजेला वहिनी त्यांना पाटावर बसवून ओवाळायच्या. निरांजनाचा उजेड तोंडावर आला की निमकर डोळे मिटून घ्यायचे. वहिनींना वाटे, किती भाविक माणूस. आणि ती ठकठक? ती काही झाडाबरोबर तुटली नाही. बाजूच्या घरी कुणी खलबत्त्यात वेलची कुटली की निमकर उठून अंगणात जात. भिंतीत खिळा ठोकायचा तर अवंतीबाई ते कामावर गेल्यावर ठोकून घेत. तीन ठोके, विश्रांती, तीन ठोके. भर दुपारी, गिअर हातात घेतलेला असताना ते कान देऊन उभे राहत आणि हाताखालचे म्हणत, "साब, क्या हुआ?"

अशी बारा वर्षं गेली. जुन्या घरांतला रिवाज असा की माणूस बेपत्ता झाला तर बारा वर्षं वाट पाहायची. मग पळसाच्या तीनशे साठ देठांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्यालाच अग्नी द्यायचा. दोन हजार आठच्या मार्गशीर्षातली अमावास्या मोरोपंत गुरुजींनी ठरवून दिली. धारला पळसाला खाखरा म्हणतात. वहिनींनी एका माणसाला खाखऱ्याची पानं आणायला सांगूनही ठेवलं.

पण त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. मोबाइलवर ती गेम आली! आता या गेमचं काय सांगावं. फोनला उपग्रहावरून कळतं म्हणे आपण कुठं उभे आहोत ते. कुणीतरी रानात डबा लपवतं, त्याचे आकडे इंटरनेटवर टाकतं आणि बाकीचे फोन नाकासमोर धरून हुडकत फिरतात. बघता बघता इंदूर-देवासकडची हिंडणारी सगळी जमात खुळावली. पक्षी बघणारे पक्षी सोडून फोन बघायला लागले. मोटारसायकलवाले, ट्रेकवाले, किल्ले आणि फोटोवाले, रविवारी जो तो काट्याकुट्यांत. गावकरी काय हरवलं म्हणून विचारत, "भिया, कई खोई गयो?" आणि डबा सापडला की काय करायचं? वहीत नाव, तारीख, वेळ लिहायची आणि तो तिथंच ठेवायचा.

वल्लरी वीस वर्षांची झाली होती; वडलांना ती आबासाहेब म्हणे. ती देवासला आली तीच नाचत. "काका, ये तो आपका और आबासाहेब का गेम है! तुमचा न् आबासाहेबांचा! सारी दुनिया आत्ता खेळतीय, तुम्ही अठ्ठ्याऐंशीपासून खेळत होतात!" तिचं मराठी असंच, निम्मं हिंदीत भिजलेलं. तिनं ट्रंकेतून आबासाहेबांची नोंदवही आणि पोस्टकार्डं काढली होती. निमकरांनी ती वही घेतली आणि आधी शेवटची ओळ पाहिली. ती म्हणाली, "एक एक करके मी सगळ्या जागी नवे डबे ठेवणार. आबासाहेबांच्या नावानं."

आणि तिनं ठेवले. पोरगी बापाची होती. तिचे मित्रमैत्रिणी, सार्थक, किमया आणि चार-पाच जण, दर रविवारी निघत. आणि दर रविवारी निमकरांचा फोन वाजे. "काका, अकरा नंबर! जुना डबा पण आहे तिथं, अजून! आबासाहेबांनीच ठेवलेला, वहीत तुमची सही आहे!" कधी ती फोटो दाखवायला घेऊन येई. गंजलेलं झाकण, पिवळी पडलेली वही आणि तिच्यात ते भक्कम मास्तरी अक्षर: 'उ. काटकर, ७-२-९३, सकाळी १०.४०. पंत, जागा झकास निवडलीत.' निमकर बघत आणि हसण्याचा प्रयत्न करत. बारा वर्षं गाडून ठेवलेला माणूस दर रविवारी एकेका दगडाखालून निघत होता, आणि नंबर चढत चालले होते. तीस. छत्तीस. एकेचाळीस.

"बेचाळिसावा राहू दे," निमकर म्हणाले. "तिकडचं रान चांगलं नाही."

"काका, त्या एकाच रकान्यात टिक नाहीये. आबासाहेब जिथं पोचले नाहीत, तिथं मला पोचायचंय."

नोव्हेंबरात तिनं तिथं डबा ठेवला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सार्थक काही जणांना घेऊन गेला. आता जुन्या नकाशावरचे आकडे आणि उपग्रहाचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, शंभरेक पावलं इकडंतिकडं होतात. फोनही चुकतो. म्हणून ही पोरं आसपासचा दगडन् दगड हलवून बघतात. वल्लरीचा डबा त्यांना मिळाला. आणि तिथून थोडं वर, एका तिहेरी खडकाच्या कपारीत, नीट दगड लावून झाकलेला दुसरा डबाही मिळाला. स्टीलचा. कडी घट्ट बसलेली. सार्थकनं माती पुसली, झाकणावरचं नाव वाचलं आणि डबा न उघडता, होता तिथंच ठेवून वल्लरीला फोन केला.

वल्लरीनं निमकरांना फोन केला तेव्हा ती रडत होती. "काका, आईचा डबा. आईच्या नावाचा. आबासाहेब आले होते तिथं!" मग म्हणाली, "आई म्हणते, मी येईपर्यंत कुणी उघडायचा नाही. रविवारी जाऊ. तुम्ही हवेच."

निमकर त्या आठवड्यात जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. राव पोचले होते. म्हणजे त्यांनी डबा शोधला होता, जो नव्हताच. आजवर निमकर स्वतःला समजावत आले होते की राव वाटेतच कुठंतरी वळले असतील, निघून गेले असतील, त्या रिकाम्या जागेशी याचा काही संबंध नसेल. आता ती समजूतही गेली. रविवार होता चौदा डिसेंबर. जीपमध्ये वहिनींच्या शेजारी बसून त्यांनी चापड्याला एकदा तोंड उघडलं, बागलीला एकदा. "वहिनी, मला एक सांगायचंय." वहिनी म्हणाल्या, "काय भावजी?" आणि निमकर म्हणाले, "थंडी आहे. शाल नीट घ्या." कसली भित्री जात असते माणसाची!

तिहेरी खडक खरंच होता. निमकरांनी तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. सार्थक आणि किमया अदबीनं लांब उभे राहिले. वहिनींनी कपारीतून डबा काढला, पदरानं पुसला, मांडीवर घेतला. कडी निघेना. सार्थकनं चाकूनं उचकटून दिली. आत मुंग्यांनी पोखरलेलं काळं काहीतरी होतं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत निमकरांचं पोस्टकार्ड. कोऱ्या जागेत पेन्सिलीनं लिहिलेलं. वहिनींनी चष्मा आणला नव्हता. वल्लरीला हातानं लिहिलेलं मराठी भराभर वाचता येत नसे, पण तिनं अक्षर अक्षर जोडत वाचलं.

"रविवार, पंधरा-बारा-शहाण्णव. दुपारी बारा-वीस. पंत, डबा सापडला नाही. दोन तास दगड उलथले. तुम्ही ठेवला नाही असं तर होणार नाही, तेव्हा आकडे लिहिताना गफलत झाली असणार. दक्षिणेला खाली दरीतही असाच तिहेरी खडक दिसतो. तिकडं बघून येतो. तुमची वही नाही म्हणून आमचा डबा इथं ठेवला. हा शोधायची पाळी आता तुमची."

वल्लरीनं कार्ड खाली केलं. वहिनींच्या तोंडावर आधी नुसता आनंद आला. खोटं कशाला सांगू, आनंदच. "म्हणजे ते आले होते. पळून नव्हते गेले." त्यांनी ते दोनदा म्हटलं. मग हळूहळू त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि त्या निमकरांकडे वळल्या. "पण भावजी, डबा तर होता. तुम्ही सगळ्यांसमोर काढून दाखवलात. भैयासाहेबांनी मला सांगितलं."

निमकर म्हणाले, "तो मी पिशवीतून नेला होता." आणि मग सगळंच बोलले. मॅच, पोहे, मोजपट्टी, दुधाच्या पावडरीचा डबा. एक शब्द सोडला नाही. सुतारपक्ष्याचंही सांगितलं. बोलताना त्यांचा आवाज शाळेत धडा म्हणून दाखवावा तसा सपाट होता. वल्लरी त्यांच्याकडे बघत मागं मागं सरकली आणि खडकाला टेकली.

वहिनी उठल्या, पदर खोचला. "दक्षिण कुठली?" सार्थकनं फोन बघून हात केला. वहिनी निमकरांना म्हणाल्या, "तुम्ही पुढं व्हा."

निमकर पुढं झाले. उतार निसरडा, बारीक खड्यांचा. बावन्न वर्षांचा माणूस बारा वर्षांनी डोंगर उतरत होता, आणि उतरताना पावलं मोजत होता, कारण मोजणं त्याच्या रक्तातच होतं. वाटेत डाव्या हाताला वरच्या अंगाला तो सोयीचा धोंडा दिसला, ज्याच्यामागं ते वाकले होते. त्यांनी तो ओळखला. तिथून खाली दरीच्या तळाशी एक कडा आत वळलेला होता. त्या धोंड्यापासून तिथवर तीनशे दहा पावलं भरली.

कड्याखाली एक बूट होता. वहिनींनी विणलेल्या निळ्या स्वेटरची लोकर होती. बाकी जे होतं त्याच्यावर वल्लरीनं आपली ओढणी काढून पसरली, आणि मग ती ओरडून रडली. बाजूला ती नकाशाची टिनाची नळी पडली होती. तिचं एक टोक ठोकून ठोकून चेपलं होतं, आणि शेजारी मुठीत मावेल असा दगड होता. निमकरांनी ते टोक पाहिलं आणि जागच्या जागी खाली बसले.

दुसऱ्या टोकाचं झाकण सार्थकनं फिरवून काढलं. आत नकाशा कोरडा होता. त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं. वल्लरीनं वाचायला घेतलं, पण तिच्या डोळ्यांना काही दिसेना. वहिनींनी तिच्या हातातून नकाशा घेतला आणि निमकरांसमोर धरला. "तुम्ही वाचा. मोठ्यानं."

निमकरांनी वाचलं.

"रविवार संध्याकाळ. वरून घसरलो. उजवा पाय मोडला. पाणी एक बाटली.

सोमवार. कोणी नाही. नळी वाजवतो आहे. तीन-तीन ठोके.

मंगळवार. पाणी संपलं. आवाज बसला. वल्लरीची आठवण येते. वहीतले आकडे घरी कुणाला लागणार नाहीत, जागा फक्त पंतांना ठाऊक आहे. ते येतील."

इथं ते थांबले. खाली आणखी एक ओळ होती. वहिनींना चष्मा नव्हता, वल्लरी तोंड फिरवून बसली होती. ती ओळ गिळली असती तर कुणाला कळलं नसतं. वहिनी म्हणाल्या, "पुढं?"

"बुधवार," निमकरांनी वाचलं. "वर माणसं आली. पंतांचा आवाज ओळखला. वाजवतो आहे. आता काळजी नाही."

मग वहिनींनी कपाळावरून हात फिरवला. कुंकू पुसायला की घाम पुसायला, ते निमकरांना कळलं नाही. पण कुंकू पुसलं गेलं. "गुरुजींना फोन करा," त्या किमयाला म्हणाल्या. "पळसाचा पुतळा नको म्हणावं. माणूस सापडलाय."

मग त्या निमकरांसमोर उकिडव्या बसल्या. रागावल्या असत्या, थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं. त्यांनी नळीतून पेन्सिल काढली, दोन बोटं उरलेली, आणि त्यांच्या हातात दिली. नकाशा गुडघ्यावर पसरून त्या शेवटच्या ओळीच्या खाली बोट ठेवलं.

"सही करा, भावजी. तुमचाच नियम आहे ना, सही नाही म्हणजे माणूस आला नाही. ते वाट बघतायत. तुम्ही आलात, असं त्यांना लिहून द्या. तारीख आजची घाला."

निमकरांनी पेन्सिल टेकवली. टोक झिजलेलं होतं, दाबून लिहावं लागलं. नाव लिहिलं, तारीख लिहिली. मग घड्याळात बघून वेळही लिहिली, दुपारी दोन वाजून पाच मिनिटं.